रंग कुणाचा, वसूल कुणाचा

अटकेपासून तंजावरपर्यंतचा मुलूख एकाच भगव्या रंगाने भरलेला, कोपऱ्यात ‘१७६०’ असा आकडा टाकलेला नकाशा तुम्ही नक्की पाहिला असेल. शिवजयंतीला तो मोबाइलवर फिरतो, व्याख्यानमालांच्या फलकांवर चढतो, वाचनालयांच्या भिंतींवर टांगला जातो. तो नकाशा चुकीचा आहे. एखादी रेघ इकडची तिकडे झाली म्हणून नव्हे. एवढा मुलूख मराठ्यांच्या हाती एकाच वेळी असा एकही दिवस उगवलेला नाही.

तारखा बघा. एप्रिल १७५८ मध्ये राघोबादादा लाहोरात शिरले. त्याच मोहिमेत मराठी फौजा सिंधूकाठी अटकेपर्यंत पोहोचल्या. १७५९ सरता सरता अब्दाली परत आला आणि पंजाबातली मराठी ठाणी उठली. १० जानेवारी १७६० रोजी दत्ताजी शिंदे दिल्लीजवळ बुराडी घाटावर पडले. म्हणजे १७६० साल उजाडले तेव्हा लढाई दिल्लीच्या वेशीशी आली होती, लाहोर आणि अटक केव्हाच हातची गेली होती. आता दक्षिणेत या. फेब्रुवारी १७६० मध्ये उदगीरला निजामाचा मोड झाला आणि तहात दौलताबाद, विजापूर, बऱ्हाणपूर यांच्यासह साठ लाखांचा मुलूख पेशव्यांच्या पदरात पडला. नकाशात लाहोरही भगवे, विजापूरही भगवे. प्रत्यक्षात लाहोर गेले त्यानंतर विजापूर आले. दोन वेगवेगळ्या वेळच्या भरत्या एकावर एक ठेवून हा समुद्र काढला आहे, आणि खाली एकच साल लिहिले आहे.

राहिले तंजावर. व्यंकोजीराजांच्या वंशाचे ते राज्य भोसल्यांचेच, पण पुण्याच्या किंवा साताऱ्याच्या हुकमाखाली नव्हते. त्याचा दरबार वेगळा, खजिना वेगळा, तह वेगळे. मराठी राज्य म्हणून तंजावरला रंग द्याच, पण वेगळी छटा द्या आणि वेगळे नाव लिहा. कोल्हापूर आणि सातारा यांच्यात १७३१ मध्ये वारणेचा तह होऊन दोन गाद्या ठरल्या. तेही बहुतेक नकाशांना ठाऊक नसते.

‘सर्वाधिक विस्तार’ हे शब्द ज्या नकाशाखाली असतील त्याच्याकडे नेहमी संशयाने बघावे. हा रोग काही आपल्यापुरता नाही. रोमन साम्राज्याचा जगप्रसिद्ध नकाशा इसवी सन ११७ चा असतो, कारण सम्राट ट्राजनने नुकताच जिंकलेला मेसोपोटेमिया त्यात मावतो. ट्राजन त्याच वर्षी वारला आणि गादीवर आलेल्या हेड्रियनने तो प्रांत सोडून दिला. वर्ष-दीड वर्षाचा तो ताबा आज जगभरच्या पाठ्यपुस्तकांत रोमचे कायमचे रूप होऊन बसला आहे. राजेंद्र चोळाच्या आरमाराने १०२५ मध्ये श्रीविजयावर स्वारी केली. स्वारी झाली, लूट आली, आरमार परतले. नकाशात मात्र सुमात्रा चोळांच्या रंगात रंगलेला दिसतो. स्वारी हा प्रवास आहे, तो बाणाने दाखवायचा. राज्य म्हणजे वस्ती, ती रंगाने दाखवायची. अटकेची मोहीम ठळक बाणाने, तारखांसह दाखवली तर तिचे मोल तिळभरही कमी होत नाही. पुण्याहून निघून घोडी सिंधूचे पाणी प्याली, हे बाणावरून जास्त कळते. रंगाच्या सपाट पट्ट्यात ते अंतर, ते दिवस, ती दमछाक सगळीच बुडून जाते.

आता खरा कळीचा प्रश्न. रंग नेमका कशाचा?

१७१९ मध्ये बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून सनदा घेऊन आले. एक स्वराज्याची, एक चौथाईची, एक सरदेशमुखीची. स्वराज्य म्हणजे आपला खास मुलूख. चौथाई आणि सरदेशमुखी मात्र दक्षिणेतल्या सहा मोगली सुभ्यांवर होती. चौथाई वसुलाचा चौथा हिस्सा, सरदेशमुखी दहावा. त्या चौथाईचीही पुढे बारीक वाटणी होती. पाव हिस्सा बाबती म्हणून छत्रपतींचा, उरलेल्यातून साहोत्रा आणि नाडगौंडा वजा जाता राहील तो मोकासा सरदारांचा. औरंगाबाद सुभ्यातल्या एखाद्या गावचा पाटील डोळ्यांपुढे आणा. त्याच्या दारात निजामाचा अंमलदार येतो, तसाच मराठ्यांचा कमाविसदारही येतो. दोघेही हक्काने येतात, दोघांकडे कागद आहेत. अशा गावांना दुअमली म्हणत. हे गाव हिरवे रंगवायचे की भगवे? कोणताही एकच रंग दिला तर दुसऱ्याचा कागद खोटा ठरतो. पट्टेरी रंग द्या. हिरव्या जमिनीवर भगव्या तिरक्या रेघा मारा. छपाईला एक पैसा जास्त लागत नाही.

हाच नियम पूर्वेला लावून बघा. १७५१ च्या तहाने नागपूरकर भोसल्यांना सुवर्णरेखेपर्यंतचा ओडिशा मिळाला, आणि बंगालच्या चौथाईपोटी वर्षाला बारा लाख रुपये ठरले. ओडिशात १८०३ पर्यंत भोसल्यांचा अंमल राहिला. तिथे पूर्ण रंग द्या, कुणाची ना नसेल. बंगालात नवाबाचेच राज्य होते, तिथे फार तर रेघा. माळव्याचा कागद १७४१ चा. पेशव्यांना नायब सुभेदारी मिळाली ती मोगल बादशहाच्या नावाने. कारभार सगळा शिंदे, होळकर, पवारांचा. इथे मी पूर्ण भगवा रंग देईन आणि खाली टीप लिहीन. दुसरा कुणी पट्टे मारील. त्यावर वाद व्हावा, तो वाद इतिहासाचा आहे.

पण आपल्याकडे वाद होतो तो वेगळाच. ऑगस्ट २०२५ मध्ये एनसीईआरटीच्या आठवीच्या सामाजिक शास्त्राच्या पुस्तकावरून गदारोळ झाला. त्यातल्या नकाशात जैसलमेर मराठी साम्राज्यात दाखवले होते. जैसलमेरच्या पूर्वीच्या राजघराण्यातून हरकत आली आणि एनसीईआरटीने तज्ज्ञांची समिती नेमली. या गोष्टीवर आपल्याकडच्या पुष्कळांनी जणू पुरंदर पुन्हा मोगलांना द्यायचा आहे अशा थाटात कंबर कसली. कशासाठी? जयपूर, जोधपूर, उदयपूर, कोटा इथून मराठ्यांनी खंडण्या वसूल केल्या, त्याचे कागदच्या कागद पडले आहेत. जैसलमेरचा तसा कागद असेल तर तो पुढे ठेवावा. नसेल तर रंग काढून घ्यावा. आणि खंडणीचा कागद असला तरी खंडणीचा मुलूख म्हणजे आपला मुलूख नव्हे. एकदा दंड भरला म्हणून घर सावकाराच्या नावावर होत नाही.

हाच नकाशा उलटा होऊन आपल्या अंगावर येतो तेव्हा आपण बरोबर ओरडतो. ‘मोगल साम्राज्य, १७०७’ हा नकाशा आठवा. त्यात अख्खा सह्याद्री हिरवा असतो. त्या वर्षी औरंगजेब अहमदनगरला वारला, पंचवीस वर्षे दख्खनेत झुंजूनही मराठ्यांना न संपवताच वारला. सातारा, पन्हाळा, सिंहगड मोगलांनी घेतले आणि मराठ्यांनी पुन्हा जिंकले. ताराबाईंच्या फौजा नर्मदेपलीकडे जाऊन चौथाई मागत होत्या. अशा वर्षाला मोगलांच्या विस्ताराचा कळस म्हणणारा नकाशा खोटाच आहे. मग जी मोजपट्टी त्या हिरव्या रंगाला, तीच आपल्या भगव्याला. मोगलांच्या नकाशात भोके पाहिजेत आणि आपल्या नकाशात नकोत, असा हट्ट धरणाऱ्याने इतिहासाचे नाव घेऊ नये. तो जाहिरातीचा धंदा झाला.

इंग्रजांचे इथले राज्य लुटारूच होते, पण त्यांच्या इंपीरियल गॅझेटिअरच्या १९०९ च्या अॅटलसात निदान दोन रंग आहेत. खालसा मुलूख गुलाबी, संस्थाने पिवळी. देशाचा सुमारे दोन पंचमांश भाग पिवळा निघतो. कोल्हापूर, सांगली, सावंतवाडी त्यात कुठे आहेत हे बोट ठेवून दाखवता येते. परक्या राज्यकर्त्याने स्वतःच्या सोयीसाठी काढलेल्या नकाशात असलेली स्पष्टता आपल्या अभिमानाच्या नकाशात का नसावी?

नकाशा तपासायला घेतला की मी आधी कोकण बघतो. दिल्ली, पानिपत, लाहोर नंतर. मोठ्या नावांपाशी सगळेच सावध असतात, किनाऱ्यावर मात्र हात सैल सुटतो. जंजिरा घ्या. शिवाजी महाराजांनी त्याच्यासमोर कांसा बेटावर पद्मदुर्ग उभारला, संभाजी महाराजांनी मोहीम काढली, पुढे पेशव्यांनीही सिद्दीला झोडपले. जंजिरा पडला नाही. ते संस्थान १९४८ मध्ये भारतात विलीन होईपर्यंत सिद्दीकडेच होते. दहातल्या नऊ नकाशांत जंजिरा भगव्या रंगाखाली गडप असतो. ज्या किल्ल्यासाठी इतक्या पिढ्यांनी रक्त आटवले, तो आपण रंगाच्या एका फटकाऱ्यात जिंकून मोकळे होतो. पद्मदुर्ग मग बांधला कशाला, हे त्या नकाशावरून मुलाला कळणार नाही.

खाली उतरा, गोव्याकडे. १७६० च्या नकाशात पोर्तुगीज गोवा म्हणून आजच्या गोवा राज्याची आकृती जशीच्या तशी उचलून ठेवलेली असते. त्या वेळी पोर्तुगिजांकडे गोव्यात होते ते मुख्यतः तिसवाडी, बार्देश आणि साष्टी. फोंडा, सांगे, केपे, काणकोण हे तालुके १७६३ नंतर त्यांच्याकडे गेले. डिचोली, सत्तरी, पेडणे तर १७८० च्या दशकात. गोवेकर यांना आजही नव्या काबिजादी म्हणून ओळखतात, आणि जुन्या व नव्या काबिजादींतल्या देवळांचा, जमिनींचा, चालीरीतींचा फरक त्या दोन-अडीचशे वर्षांच्या अंतराशी जोडलेला आहे. फोंड्यात इतकी मोठी देवळे का, याचे उत्तर नकाशातली ती एक रेघ देते. जुन्या काबिजादीतून देव उचलून लोक पलीकडे गेले, कारण पलीकडे पोर्तुगीज नव्हते. आजच्या सीमेची आकृती चिकटवली की ‘पलीकडे’ उरतच नाही.

साष्टीपाशी आणखी एक फसगत आहे. साष्टी दोन. एक गोव्यातली, मडगावची. दुसरी मुंबईच्या उत्तरेची, ठाण्याची. ठाण्याकडची साष्टी चिमाजीअप्पांनी वसईच्या मोहिमेत घेतली आणि १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेईपर्यंत ती मराठ्यांकडे होती. गोव्यातली साष्टी पोर्तुगिजांकडेच राहिली. नुसते ‘साष्टी’ लिहून मोकळे झालात तर वाचक दक्षिणेची साष्टी उत्तरेत नेणार. आणि मुंबई? १७६० ची मुंबई म्हणजे माहीमच्या खाडीखालची इंग्रजांची बेटे. आजचे बोरिवली-मुलुंड त्या मुंबईत नव्हते, ते साष्टीत होते. म्हणून १७६० च्या नकाशात बोरिवली भगवे आणि फोर्ट इंग्रजांचा हवा.

इथे कुणी म्हणेल, एवढेसे पानावर दिसणार कसे? रास्त शंका आहे. पंधरा सेंटिमीटर रुंदीत अख्खा भारत बसवला की एका मिलिमीटरला सुमारे वीस किलोमीटर पडतात. म्हणजे अर्ध्या मिलिमीटरची सीमारेषा दहा किलोमीटर जाडीची. तिच्याखाली वसईची खाडी गेली, मुंबईची बेटे गेली. यावर उपाय जुना आहे. कोकणाचा वेगळा मोठा नकाशा त्याच पानाच्या कोपऱ्यात द्यावा. अरबी समुद्राचे एवढे मोठे रिकामे पाणी पानावर असते, तिथे सजावटीची गलबते काढण्यापेक्षा जंजिरा आणि वसई काढा.

सगळ्यात मोठा गुन्हा धरणांचा. आजकाल तयार आधारनकाशा घ्यायचा, वर सीमा ओढायच्या आणि ‘शिवकालीन महाराष्ट्र’ म्हणून छापायचा अशी रीत पडली आहे. त्या आधारनकाशात कोयनेचा शिवसागर असतो, उजनी असते, पैठणचा नाथसागर असतो. ही सगळी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली पाणी. पालखेडच्या मोहिमेचा नकाशा अशा आधारावर काढला की काय होते बघा. १७२८ मध्ये बाजीरावांनी निजामाला पालखेडजवळ पाण्यावाचून कोंडला. माणसे, जनावरे तहानेने टेकीला आली आणि निजामाला मुंगी-पैठणला तह करावा लागला. आणि नकाशात, त्याच पैठणला टेकून, मैलोगणती पसरलेले निळे सरोवर! मुलाने विचारले, की एवढे पाणी शेजारी असून तहानले कसे, तर शिक्षकाने काय सांगावे? सगळ्या मोहिमेचे मर्म त्या निळ्या डागाने पुसले. पूर्वेकडेही तेच. ब्रह्मपुत्रेचा मोठा प्रवाह अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत मैमनसिंगच्या बाजूने वाहत होता, जेम्स रेनेलच्या बंगालच्या नकाशांत तो तसाच दिसतो. कच्छच्या रणाचे रूप १८१९ च्या भूकंपाने पालटले. नद्यासुद्धा त्या त्या वर्षाच्या लागतात.

आता वाचनीयतेचे. नकाशा बरोबर असून वाचता आला नाही तर तो नसल्यासारखाच. मराठी नकाशांची इथली दुखणी खास आपली आहेत. रोमन लिपीत मोठ्या प्रदेशाचे नाव अक्षरे लांब लांब मांडून प्रदेशभर पसरवतात. देवनागरीत तसे केले की शिरोरेषा तुटते, आणि ‘बुं दे ल खं ड’ हे पाच सुटे तुकडे पाच गावांसारखे दिसू लागतात. म्हणून देवनागरीत नाव सलगच ठेवावे, लागले तर वळवावे आणि अक्षराचा आकार वाढवून त्याचा प्रदेश दाखवावा. दुसरे, शिरोरेषा आणि सीमारेषा. आडव्या सीमेला चिकटून नाव लिहिले की दोन रेघा एक होतात. नर्मदेवर लिहिलेले ‘महेश्वर’ मी अशा अवस्थेत पाहिले आहे, की नदीलाच अक्षरे लोंबकळत होती. तिसरे, बारीक छपाईत जोडाक्षरे, रफार आणि अनुस्वार आधी मरतात. ‘जिंजी’वरचा अनुस्वार उडाला की परगावचा विद्यार्थी ‘जिजी’ वाचतो. गावांची नावे नऊ पॉइंटाखाली नेऊ नयेत. जागा नसेल तर गावे कमी करा.

आणि रंग. जिल्हा परिषदेच्या शाळेत नकाशा पोहोचतो तो बहुधा झेरॉक्स होऊन. प्रश्नपत्रिकेत तर हमखास काळा-पांढरा. भगवा आणि हिरवा, दोन्ही झेरॉक्समध्ये जवळजवळ एकाच राखाडी रंगाचे होतात. ज्यांना लाल-हिरव्यातला फरक दिसत नाही अशा मुलांची गत रंगीत नकाशातही तीच. ‘मराठ्यांचा मुलूख छायांकित करा’ या प्रश्नापुढे हुशार मूल गोंधळून बसते, गुण जातात, आणि त्याला वाटते आपल्याला इतिहास येत नाही. याची मला मनापासून चीड येते. तिरक्या रेघा, ठिपके, जाळी झेरॉक्समध्ये टिकतात. चौथाईसाठी सुचवलेल्या त्याच रेघा इथेही कामाला येतात.

नकाशाखाली तीन गोष्टी छापलेल्या असाव्यात. महिना आणि साल, नुसते साल नव्हे. कोणत्या रंगाचा अर्थ काय. आणि कशावरून काढला. जून १६६५ मध्ये पुरंदरच्या तहात महाराजांनी तेवीस किल्ले दिले, बारा ठेवले. फेब्रुवारी १६७० मध्ये सिंहगड परत आला. ‘शिवरायांचे स्वराज्य’ एवढेच लिहिलेला नकाशा या दोन टोकांमध्ये नेमका कुठला? आधार सांगण्याची शिस्त काय असते ते बघायचे असेल तर इरफान हबीब यांचा मोगल साम्राज्याचा १९८२ चा अॅटलस उघडावा. नकाशाच्या बरोबरीने टिपांची पाने आहेत, कुठले ठिकाण कशावरून ठरवले ते सांगणारी. जोसेफ श्वार्ट्झबर्ग यांचा दक्षिण आशियाचा ऐतिहासिक अॅटलस १९७८ मध्ये शिकागोहून निघाला. त्याच्या तोडीचा मराठेशाहीचा अॅटलस मराठीत प्रत्येक वाचनालयात असायला हवा होता.

तो काढता येण्याजोगा आहे. सरदेसायांनी संपादलेले पेशवे दफ्तरातले पंचेचाळीस खंड आहेत, भारत इतिहास संशोधक मंडळाचे कागद आहेत, मोकासे कुणाला कुठल्या परगण्यात दिले त्याच्या याद्या आहेत. मोडी वाचणारी तरुण मुले दर वर्षी तयार होत आहेत आणि संगणकावर नकाशे काढणारी तर गल्लोगल्ली आहेत. सहा सुभे एकदम नकोत. औरंगाबादचा सुभा घ्या, एकच वर्ष ठरवा, परगण्यामागून परगणा निजामाचा अंमल आणि मराठ्यांची चौथाई वेगवेगळ्या रेघांनी दाखवा, आणि ज्या परगण्याचा कागद सापडणार नाही तो पांढरा सोडा.